छातीतली टिकटिक आणि मेथीची जुडी

माझ्या छातीतून आवाज येतो. थट्टा नाही. जुन्नर-मंचर गाडीत गर्दी असली की माझ्याजवळ उभा असलेला पॅसेंजर आधी स्वतःचं मनगट बघतो, मग माझं. एक आजोबा तर म्हणाले, "बाई, तुमचं घड्याळ लई जोरात वाजतंय राव." मी म्हटलं, "घड्याळ नाही बाबा, हृदयाची झडप आहे. धातूची. पुढं सरका, दारात उभं राहू नका."

मी संगीता. एसटीत कंडक्टर. माहेर लोणी, सासर कळंब. झडप बदलल्यापासून मी रोज संध्याकाळी रक्त पातळ ठेवायची एक गोळी घेते आणि ती शेवटपर्यंत घ्यायची आहे. हे लिहिते आहे ते, ज्यांच्या हातात आज-उद्या अशीच कायमची गोळी पडणार आहे त्यांच्यासाठी. ऑपरेशनचं मोठं काही नाही. ते डॉक्टर करतात, आपण झोपलेले असतो. गोळी मात्र जागेपणी घ्यावी लागते, आणि लोक जिथं गडबडतात ते तिथंच. मीही गडबडले. कशी, ते सांगते.

दम

उभे पॅसेंजर असले की कंडक्टरला पुढून मागं, मागून पुढं फिरावं लागतं. त्या वर्षी मागच्या सीटपर्यंत जाईस्तोवर मला धाप लागायला लागली. आधी वाटलं वजन वाढलं, मग वाटलं धुळीनं होतंय. ड्रायव्हर आरशातून बघायचा आणि म्हणायचा, "बसा जरा मॅडम, पॅसेंजर काय पळून चाललेत का?" मला कुणी बसायला सांगितलेलं खपत नाही. मी बसले नाही.

मग एक दिवस नारायणगाव स्टँडला गाडी लागली आणि मला उतरताच येईना. पायरीवरच बसले. लोक माझ्या अंगावरून चढले-उतरले. शेवटी ड्रायव्हरनं मालकांना फोन लावला. मालक म्हणजे माझा नवरा, दत्तोबा. पालेभाजीची शेती करतात, मेथी आणि कोथिंबीर.

मंचरच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. मग विचारलं, "लहानपणी कधी सांधे सुजून ताप आला होता?"

मला लोणीचं घर आठवलं. एक अख्खा उन्हाळा मी खाटेवर काढला होता. आई एरंडाची पानं गरम करून गुडघ्यांना बांधायची. "आला होता," मी म्हटलं, "पण बरा झाला."

"सांधे बरे झाले," डॉक्टर म्हणाले. "झडप नाही झाली. पुण्याला जावं लागेल, आणि लवकर."

बाहेर बाकावर मालक बसले होते. त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "उद्या कोथिंबीर काढायला माणसं सांगितलीत. त्यास्नी काय सांगू?" मला असा संताप आला की मंचर ते कळंब मी त्यांच्याशी चकार शब्द बोलले नाही. घाबरलेला माणूस तोंडात येईल ते बोलतो, हे मला फार नंतर कळलं. तुमच्या घरात कुणी असं बोललं तर त्या दिवशी भांडू नका. नंतर भांडा.

वॉर्ड

पुण्याच्या दवाखान्याबद्दल लोक भीतीचं विचारतात. वाटली का? वाटली. सही करताना वाटली, दागिने काढून मालकांच्या हातात देताना वाटली. सगळ्यात जास्त वाटली ती माझी मुलगी प्राजू काचेपलीकडून हसायचा प्रयत्न करत होती तेव्हा. ती बारावीला होती. मला वाटलं, हिचा निकाल तरी बघायला मिळू दे.

ऑपरेशननंतरचे दिवस एकासारखे एक. उजाडायच्या आधी रक्त काढायला येणार, मग ताप बघणार, मग उशी छातीशी धरून खोकायला लावणार. खोकताना वाटायचं शिवण उसवते की काय. पण एक गोष्ट मी विसरणार नाही. वॉर्डात साफसफाईला येणारी मावशी एक दिवस आपणहून माझ्या डोक्याशी बसली आणि माझ्या गुंतलेल्या केसांची वेणी घालून दिली. म्हणाली, "बाईमाणसाला वेणी घातली की निम्मं बरं वाटतं." मी रडले. ऑपरेशनला रडले नव्हते, वेणीला रडले.

आवाज पहिल्यांदा ऐकला तो दुपारी, वॉर्ड शांत असताना. मी सिस्टरला विचारलं, "ते मशीन कुठलं वाजतंय हो?" ती म्हणाली, "मशीन नाही, तुम्हीच वाजताय."

घरी सोडताना डॉक्टरांनी समजावून सांगितलं. धातूची झडप झिजत नाही, पण तिच्यावर रक्ताची गुठळी धरू शकते. रक्त घट्ट झालं तर झडप अडकेल. फार पातळ झालं तर अंगात कुठूनही रक्त वाहील. दोन्हीच्या मधे राहायचं. त्यासाठी गोळी, आणि गोळी लागू पडते का ते बघायला रक्ताची तपासणी. तिला आयएनआर म्हणतात. आम्ही घरात तिला नुसतं 'आकडा' म्हणतो.

"आणि माझी गाडी?" मी विचारलं.

"आकडा काही महिने जागेवर राहिला तर मी सर्टिफिकेट देईन," डॉक्टर म्हणाले. "सारखा वर-खाली होत राहिला तर गर्दीच्या गाडीत धक्के खायला मी पाठवणार नाही. मग डेपोत बसून काम मिळतं का बघा."

बसून काम. मी मनात तिथंच ठरवलं की गाडीवरच जायचं. आकडा काय, त्याला जागेवर बसवते. मी उभ्या पॅसेंजरला जागेवर बसवते, आकडा कोण लागून गेला.

आत्या

माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणते. पंचाहत्तरी ओलांडलेली बाई, अजून मेथीच्या जुड्या बांधायला बसतात. मी घरी आले तेव्हा त्यांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, मला जवळ घेतलं आणि लगेच बाजूला झाल्या.

"काय वाजतंय गं?"

सांगितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. आमच्या दोघींच्या खाटा एकाच खोलीत असायच्या, मालक ओटीवर झोपतात. दुसऱ्या दिवशी आत्यांनी आपली खाट पडवीत नेली. "मला ऐकवत न्हाई बाई," त्या म्हणाल्या. "सारखं वाटतं, थांबलं तर?"

मला वाईट वाटलं. त्यांना दोष देत नाही. पण आपल्याच माणसाला आपल्याजवळ निजवत नाही, हे ऑपरेशनच्या टाक्यांपेक्षा जास्त दुखलं.

डॉक्टरांनी पालेभाजीचं सांगितलं होतं, तेही घरी येईस्तोवर निम्मं सांडलं. ते म्हणाले होते, पालेभाजी रोज सारखी खा, कमी-जास्त नको, कारण तिनं गोळीचा जोर कमी होतो. घरी पोहोचलं ते एवढंच, की पालेभाजीनं गोळी मरते. आत्यांनी माझ्या ताटातून हिरवं हद्दपार केलं. डाळीवरची कोथिंबीरसुद्धा चमच्यानं उचलून काढायच्या.

दुकान

मंचरच्या पेठेत पारसशेठचं मेडिकल आहे. त्यांचे आजोबा मारवाडातून आले. शेठ मात्र इथंच जन्मले, फार्मसी शिकले, आणि आमच्यापेक्षा चांगलं मराठीत भांडतात. मालक पहिल्यांदा गोळ्या आणायला गेले आणि पाऊण पाकीट घेऊन आले.

"बाकीच्या कुठं?"

"देईनात. म्हणले, गोळी घेणारीला घेऊन या."

मी तावातावात गेले. टाके अजून ओढत होते. "शेठ, चिठ्ठी आहे, पैसे आहेत, मग गोळ्या का अडवल्या?"

त्यांनी स्टूल पुढं केलं. "बसा. अडवल्या नाहीत. ही गोळी डोकेदुखीची नाही. तुम्ही ती कशी घेता, हे तुमच्या तोंडून ऐकायचंय मला."

"सकाळी चहाबरोबर."

"संध्याकाळी घ्या. सकाळी रक्त दिलं की दुपारी आकडा येतो, डॉक्टरांना गोळी कमी-जास्त करायची असली तर त्याच संध्याकाळी करता येते. ड्यूटी सुरू झाल्यावर वेळ कशी सांभाळणार?"

"शेठ, कंडक्टरला वेळ शिकवताय?"

"शिकवतोय," ते म्हणाले. "तुमची गाडी उशिरा येते. गोळी उशिरा यायला नको."

दुकानातली माणसं हसली. मला राग आला आणि हसूही आलं. मग त्यांनी पाकिटावरचा मिलिग्रॅमचा आकडा दाखवला. प्रत्येक वेळी तो बघूनच घ्यायची, रंगावर जायचं नाही. गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत, फोन करायचा. दात काढायचा असला, ताप आला, कुणी काढा दिला, तर आधी विचारायचं. पालेभाजी बंद केल्याचं ऐकून तर ते चिडलेच. "बंद कुणी सांगितली? सारखी खा म्हणाले असतील डॉक्टर."

तेवढ्यात त्यांचा जेवणाचा डबा आला. उन्हं उतरली होती. पारसशेठ दिवस मावळायच्या आत जेवतात, दुकानात कितीही गर्दी असो. काउंटरच्या मागं उभ्यानं जेवताना ते म्हणाले, "माझं हे जेवण चुकलेलं तुम्ही कधी बघणार नाही. तशी तुमची गोळी."

मी घरी येऊन आत्यांना सांगितलं, पालेभाजी चालते. घोटाळा इथं सुरू झाला, कारण 'सारखी' हा शब्द मी सांगितला आणि आत्यांनी 'चालते' एवढंच धरलं. आणि खरं सांगायचं तर मीही तेवढंच धरलं.

मेथी

थंडीत मेथीचा बाजार पडला. असा पडला की मार्केटला नेलेल्या जुड्या मालक तशाच परत आणायचे. आमच्याकडं अशा वेळी एकच रीत. टाकवत नाही, म्हणून खायची. सकाळी मेथीची भाजी, दुपारी मेथीचं पिठलं, रात्री मेथीचे पराठे, मधे कुणी आलं तर मेथीचं थालीपीठ. पाहुण्याला जाताना जुडी, शिक्षकाला जुडी, गाडी थांबवून ओळखीच्याला जुडी. कळंबच्या कुठल्याही घरात त्या महिन्यात हेच चाललेलं. शिवाय आत्यांचं म्हणणं, "मेथीनं रगत भरतं. हिचं लई गेलंय."

मीही हाणून खाल्ली. किती दिवसांनी हिरवं मिळालं होतं.

आकडा खाली आला. म्हणजे रक्त घट्ट व्हायला लागलं. पुण्याच्या डॉक्टरांनी फोनवर विचारलं, गोळी चुकली का? नाही. दुसरं औषध घेतलं का? नाही. जेवणात काही बदल? मी म्हटलं, काही नाही, घरचंच जेवण. आणि ते मला अगदी खरं वाटत होतं. शेतात जे ते ताटात, याला बदल कोण म्हणतं? त्यांनी गोळी वाढवली. पुढच्या वेळी अजून थोडी वाढवली.

त्या दिवसांतली भीती सांगते. मी दुपारी पडून छातीवर हात ठेवायची आणि आवाज ऐकायची. मंद झाला का? बसका येतोय का? जो आवाज पहिल्यांदा नकोसा वाटला होता, तो आता मी जीव मुठीत धरून ऐकत होते. एकदा मालक येऊन शेजारी बसले, कान लावला आणि म्हणाले, "वाजतंय गं. नीट वाजतंय." उठताना त्यांनी डोळे पुसले, ते मी पाहिलं नाहीसं दाखवलं.

मग मालकांनी कंटाळून उभ्या मेथीत ट्रॅक्टरचा रोटर मारला, पीक मातीत गाडलं. मेथी संपली. घरात बटाटा, वांगी, डाळ सुरू झाली. गोळी मात्र वाढवलेली तेवढीच राहिली.

चौदस

नवं पाकीट घ्यायला मी दुकानात गेले. पैसे द्यायला हात पुढं केला तशी शेठची नजर मनगटावर थांबली.

"हा डाग कसला?"

"टोपलं घासलं असेल."

"टोपलं घासून एवढं काळंनिळं होतं? अजून कुठं आहे?"

"मांडीवर आहे. दाखवू का दुकानात?"

ते हसले नाहीत. "दात घासताना रक्त येतं?"

"येतं जरा. ब्रश नवा आहे."

त्यांनी काउंटरवर ठेवलेलं पाकीट उचललं आणि ड्रॉवरमधे टाकलं. मी चमकले. "शेठ, गोळी द्या. वेळ झालीय. चुकवायची नाही, असं तुम्हीच घोकून घेतलंत माझ्याकडून."

"आज देणार नाही. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नाही."

"मग ते डेपोत बसवतील मला." माझा आवाज चढला. "परत आकडा बिघडला म्हणतील. मला गाडीवर जायचंय शेठ."

"गाडीवर जायला आधी जिवंत राहावं लागतं. बसा." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "शेतात सध्या काय आहे?"

"काही नाही. रोटर मारला."

"कशात मारला?"

मी उत्तर द्यायच्या आधी त्यांनीच कपाळावर हात मारून घेतला. "मेथी. तुमचे मालक पेठेत जुड्या वाटत फिरत होते. मलाही एक दिली. त्या दिवशी चौदस, म्हणजे चतुर्दशी होती, आमच्या जैनांत आठम-चौदसला हिरवं खात नाहीत, म्हणून मी परत केली. म्हणूनच लक्षात राहिलं. तुम्ही घरी मेथी खात होता का?"

"खात होता का म्हणजे? दुसरं काय खात होतो?"

"आणि आता?"

"आता कुठली मेथी."

त्यांनी माझ्यासमोर डॉक्टरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, आत्ताच्या आत्ता रक्त द्या. आकडा आला तो इतका वर होता की लॅबवाल्यानं पुन्हा तपासून बघितला. मेथीमुळं गोळी कमी पडत होती म्हणून गोळी वाढली, मेथी गेली आणि गोळी जास्त झाली. एवढीच गोष्ट, पण त्यात मी जाऊ शकले असते. पडले असते, डोक्याला लागलं असतं, तर रक्त थांबलं नसतं. मंचरच्या दवाखान्यात निजवून ठेवलं, डॉक्टरांनी गोळी थांबवली, पुन्हा तपासलं, मग कमी करून सुरू केली. हे वाचून कुणी स्वतःच्या मनानं गोळी थांबवू नका. थांबवायची तर ज्यानं दिली त्यानंच.

डॉक्टर फोनवर म्हणाले, "मी जेवणातला बदल विचारला, मेथी विचारली नाही. तुमच्या भागातल्या पेशंटला यापुढं बाजारभावच विचारतो." पारसशेठ दवाखान्यात बघायला आले तेव्हा खुर्चीच्या कडेला बसून म्हणाले, "जुडी परत केली तेव्हाच विचारायला हवं होतं. माझ्या डोक्यात फक्त चौदस होती." माझ्या जेवणाचं विचारायचं राहिलं म्हणून कुणी इतकं वाईट वाटून घेईल, असं मला वाटलं नव्हतं.

वाटी

घरी आले तर चूल गप्प. आत्या कोपऱ्यात बसून रडत होत्या. "मीच घातली गं तुला. माज्या हातानं." मालक वेगळ्या तऱ्हेनं पेटलेले. "सोड आता ती गाडी," ते म्हणाले. "जिवापरीस नोकरी मोठी हाय का? घरी बस."

"घरी बसूनच झालं ना हे?" मी म्हटलं. "गाडीत नाही झालं. कळंबच्या स्वयंपाकघरात झालं."

ते उठून ओटीवर गेले. मीही जास्तच बोलले होते. पण एक मला स्वच्छ दिसत होतं. ही गोळी मी एकटी घेत नव्हते. घर घेत होतं. आत्यांच्या हातची भाजी, मालकांचा बाजार, सगळं त्या गोळीत येत होतं. मग घरालाच ती शिकवायला हवी.

दुसऱ्या आठवड्यात मी आत्यांना घेऊन शेठकडं गेले. आत्या यायलाच तयार नव्हत्या, त्यांना वाटलं बोलणी बसणार. शेठनी त्यांना स्टूल दिलं आणि विचारलं, "आजी, उपास किती करता?"

आत्यांनी सोमवार सांगितला, चतुर्थी सांगितली, एकादशी सांगितली, नवरात्राचे नऊ सांगितले. "लगीन झाल्यापून एकबी चुकला न्हाई."

"उपासाला काय चालतं, काय नाही, कुणी लिहून दिलंय?"

"लिवायचं काय त्यात? पाठ हाय."

"मग हे एक पाठ करा. डॉक्टरांशी बोलून ठरलंय. सूनबाईला रोज एक वाटी पालेभाजी. मेथी, पालक, चुका, काय ते, पण एकच वाटी. बाजार पडला तरी एक. भाव चढला तरी एक. पाहुणे आले तरी एक."

आत्यांनी थोडा विचार केला. "वाटी कंची? घरात धा परकारच्या हायेत."

शेठ प्रथमच हसले. "हे बरोबर विचारलंत. एक ठरवा आणि तीच ठेवा."

घरी येऊन आत्यांनी आपल्या लग्नातली छोटी वाटी काढली, मामंजींचं नाव कोरलेली. त्या दिवसापासून ती दुसऱ्या कशाला वापरली नाही. बाजारात मेथी नसेल तेव्हा मालक पालक आणायचे, शेजारून चुका मागून आणायचे. पालेभाजी विकणारा माणूस भाजी मागत फिरतो म्हणून गावानं त्यांना भरपूर चिडवलं. माझे गुडघे दुखतात म्हणून कुणीतरी औषधाची पुडी दिली, तर आत्यांनीच ती माझ्या हातातून काढून घेतली. "आदी मेडिकलात दाखव."

आकडा हळूहळू जागेवर आला. एकदा आला, पुन्हा आला, उन्हाळाभर तिथंच राहिला. पावसाळा निम्मा सरला तेव्हा डॉक्टरांनी सर्टिफिकेटवर सही केली. मी ते घेऊन आधी डेपोत गेले नाही, पेठेत गेले. शेठनी वाचलं, परत दिलं आणि म्हणाले, "छान. पाकीट संपत आलं असेल, घेऊन जा."

गाडी

पुन्हा गणवेश घातला तेव्हा तो सैल झाला होता. पहिल्या फेरीला मागच्या सीटपर्यंत गेले आणि धाप लागली नाही. मी उगाचच आणखी एकदा जाऊन आले. ड्रायव्हर आरशातून म्हणाला, "काय हरवलं का मॅडम?"

मग नवरात्र आलं. घरात घट बसले. मी आधी आत्यांसारखे नऊ दिवस धरायचे, आजारपणानंतर पहिला आणि शेवटचा एवढेच धरायचं मनात होतं. शेठना विचारलं. ते म्हणाले, "तुमच्या उपासाचं मी कोण सांगणार? मी चौदसला हिरवं खात नाही, पण माझ्या छातीत झडप नाही. वाटी सुटणार असेल तर आधी डॉक्टरांना सांगा."

पहिल्या दिवशी मी उपास केला नाही, वाटी खाल्ली. पण आत्या समोर पाण्याच्या घोटावर बसलेल्या, आणि मी भाकरी मोडतेय. घास उतरेना. शेवटच्या दिवशी मला राहवलं नाही. म्हटलं, एका दिवसानं काय होतंय. डॉक्टरांना फोन केला नाही. डबा मुद्दाम घरी ठेवला आणि कुणाला न सांगता पहाटेच ड्यूटीवर गेले.

दुपारी जुन्नरहून निघालेली गाडी कळंबला आली. थांब्यावर आत्या उभ्या. नऊ दिवसांच्या उपासानं वाळलेल्या, उन्हात, हात आडवा करून, जशी काही गाडी त्यांच्या घरची आहे. ड्रायव्हरनं गाडी उभी केली. दोघांनी हात देऊन त्यांना चढवलं.

मी गणवेशात. पॅसेंजर बघतायत. "कुठं जायचं आत्या?"

"मंचर. तिकीट दे."

पंचाहत्तरीपुढच्यांना एसटीत पैसे पडत नाहीत, तरी मशीनमधून तिकीट काढून द्यावं लागतं. मी काढून दिलं. त्यांनी ते नीट घडी घालून कनवटीला लावलं आणि पिशवीतून डबा काढला.

"ह्यो राहिला."

"आत्या, आज माझा उपास आहे."

"न्हाई," त्या म्हणाल्या. "घटापुढं बसून सांगितलंय देवीला. सुनंचा उपास मी धरलाय. माजे नऊ आन् तुजा एक. वरचा एक उद्याच्याला करंन. तू वाटी खा."

मंचरला गाडी रिकामी झाली. मी माझ्या सीटवर बसले, आत्या माझ्या शेजारी बसल्या, अगदी चिकटून. डब्यात भाकरी होती आणि मामंजींच्या नावाची वाटी मेथीनं भरलेली. मी खायला लागले. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी खात होते, कारण ती बाई उपाशी असून माझ्याकडं बघत होती. मी शेवटचा घास वाटी पुसून खाल्ला. आत्यांनी डोकं माझ्या खांद्याला टेकलं आणि डोळे मिटून घेतले. याच बाईनं या आवाजाला भिऊन खाट पडवीत नेली होती.

"वाजतंय का?" मी विचारलं.

"वाजतंय की," आत्या म्हणाल्या. "चल, तुजी गाडी सुटायची येळ झाली."

मी उठले आणि घंटीची दोरी ओढली.